फुलीसुद्धा वाजवायची असते

हळदीच्या सौद्यांची गर्दी ओसरली की आमच्या अडत दुकानात संध्याकाळी माशा मारायचं काम. भाचा पुण्याला नोकरीला जाताना त्याची गिटार आमच्या माळ्यावर टाकून गेला होता. ती मी जूनमध्ये खाली काढली. वय 54.

टॅब, म्हणजे गिटारचं आकड्यांत लिहिलेलं गाणं, पहिल्यांदा बघितला आणि जीव भांड्यात पडला. सहा आडव्या ओळी, त्यांवर आकडे. तीस वर्षं खातेवह्या लिहिणाऱ्याला आणखी काय पाहिजे? ओळ म्हणजे तार, आकडा म्हणजे गिटारच्या गळ्यावरच्या कितव्या पट्टीला, म्हणजे फ्रेटला, दाबायचं, शून्य म्हणजे तार मोकळी. चार दिवस इमानदारीत वाजवलं. कुठल्याच गाण्यासारखं वाजेना.

व्हिडिओ कॉलवर भाचा हसून लोळला. "मामा, वही उलटी धरलीय तुम्ही." गिटार हातात घेतली की जाड तार वर येते, म्हणून मी वरची ओळ तिचीच धरली होती. टॅबमध्ये वरची ओळ सगळ्यात बारीक तारेची असते. "गिटार मांडीवर उताणी ठेवा आणि बघा," म्हणाला. जाड तार पोटाजवळ, बारीक गुडघ्याकडे. झालं, जमा-नावे जागेवर आलं. किती वेळ वाजवायचं ते मात्र साधा टॅब सांगतच नाही. गाणं आधी कानात पाहिजे.

मग फुली आली. आमच्या वहीत फुली म्हणजे खोडलेली नोंद, म्हणून मी ती सोडून पुढं जायचो. तर ती वाजवायची असते! डाव्या हाताची बोटं तारेवर नुसती टेकवायची, दाबायची नाहीत, आणि उजव्या हातानं तार मारायची. 'टक्' आलं पाहिजे. मी एकच बोट टेकवलं, नेमकं बाराव्या फ्रेटच्या पट्टीवर, तर देवळातल्या घंटेसारखा स्वर निघाला. पाचव्या, सातव्या पट्टीवरही तेच. दोन-तीन बोटं पसरून टेकवली तेव्हा कुठं घंटा बंद झाली.

कॉर्डच्या, म्हणजे एकदम छेडायच्या स्वरांच्या, आकृतीत तीच फुली निराळी. तिथं तार बोलूच द्यायची नाही. सी कॉर्डला पाचवी तार दाबणाऱ्या अनामिकेचं टोक सहावीला हळूच चिकटवायचं, की जाड तार गप्प. हे मला कुणी सांगितलं नाही, बोट जाडं असल्यामुळं आपोआप जमलं.

खरा छळ वेगळाच. सहावी तार पाचव्या फ्रेटला दाबून वाजवली की शेजारची पाचवी, न छेडताच, गुणगुणायला लागते. दोघींचा स्वर एकच ना. गिटार बिघडली असं वाटून रविवारी मिरजेला सतारमेकर गल्लीत घेऊन गेलो. भोपळा घासत बसलेले कारागीर ऐकून म्हणाले, "अहो, याच्यासाठीच तर आम्ही सतारीला तरफा बसवतो." त्यांनी एका सतारीची वरची तार छेडली आणि खालच्या बारीक तारा आपोआप बोलल्या. आमच्या जिल्ह्यात माणसं ज्या झंकारासाठी सतारीला तरफा जुळवत बसतात, तो मी रोज संध्याकाळी दाबून मारतोय!

सध्या उजव्या तळहाताचं चाललंय. टॅबवर 'पी. एम.' लिहिलेलं असतं. मला वाटलं दुपारी वाजवायचं. ते पाम म्यूट निघालं, म्हणजे तळहातानं आवाज दाबणं. करंगळीखालची कड ब्रिजला, म्हणजे तारा जिथं टेकतात त्या पट्टीला, लागून तारांवर ठेवायची. केसभर पुढं गेली तर स्वर मरतो, मागं राहिली तर तार मोकाट सुटते. नीट बसली की 'धुप्-धुप्' असा दबका, भरीव आवाज येतो. काल सलग आठ आले.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "तुटली का हो तार?"