आमची वाटचाल: कोबी, मीठ आणि फुटलेली बाटली

2019 ला कोबीचा भाव इतका पडला की भाऊजी उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवायला निघाले, मी म्हटलं चार क्रेट मला द्या, आणि तिथून आमचा आंबवलेल्या कोबीचा उद्योग सुरू झाला. किलोला 20 ग्रॅम मीठ लावून चोळायचा, सुटलेल्या पाण्यातच दाबून बुडवायचा, वर वजन. लोणची घालत होतेच, म्हटलं यात काय एवढं. पण आईच्या खारातल्या कैऱ्यांत मीठच इतकं की जंतूंना फारसा वाव नसतो, इथे त्यांना मुद्दाम पाळायचं असतं.

पहिल्या हिवाळ्यात कॅलेंडर बघून आठव्या दिवशी बाटल्या भरल्या. नाशिकच्या थंडीत आत काम अर्धंच झालं होतं, ते उरलेलं दुकानाच्या उबेत सुरू झालं आणि एक बाटली शेल्फवरच फुटली. दुकानदाराने फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

मग वाचायला बसले. आधी ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू कामाला लागतात, ते लॅक्टिक आणि ॲसेटिक ॲसिड, थोडं मॅनिटॉल (एक गोडसर पदार्थ) आणि भरपूर कार्बन डायऑक्साइड सोडतात, हाच गॅस बरणीतली हवा हाकलतो आणि हाच झाकण उडवतो. आंबटपणा वाढला की ते मागे पडतात आणि प्लांटारम नावाचा दुसरा जंतू ताबा घेतो. मे महिन्यात उलटं, उकाड्यात प्लांटारमच लवकर पुढे जातो आणि चव नुसती आंबटढाण. म्हणून मागच्या खोलीत एसी लावला, 20 डिग्रीला, लाईटबिल बघून नवरा आजही कुरकुरतो. आता पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) 3.5 च्या आसपास आल्याशिवाय बरणी हलत नाही.

लेबलवर आधी झोकात ‘प्रोबायोटिक’, म्हणजे तब्येतीला उपयोगी जिवंत जंतू असलेलं, असं छापलं होतं, ते काढलं. त्यासाठी नेमका कुठला स्ट्रेन (जंतूचा पोटप्रकार), किती संख्या हे दाखवावं लागतं, आणि आमचे जंतू पानावरूनच आलेले. प्लांटारमचे काही स्ट्रेन प्लांटारिसिन बनवतात, ते दुसऱ्या जंतूंना मारतं, शिवाय बुरशीला अडवणारं फेनिल-लॅक्टिक ॲसिड असतं. आमच्या बरणीत ते किती, हे मोजलेलं नाही, म्हणून छापलेलं नाही.

परवा एक काका आले, शुगर उतरेल का? म्हटलं नाही हो काका, आणि बीपी असेल तर मीठ बघून खा. तरी दोन बाटल्या नेल्या, थालीपिठात घालतात म्हणे. तव्यावर जंतू मरतात सांगितलं तर म्हणाले, आंबटपणा राहतो ना?