कचरा न करणारं झाड

जुलै उजाडला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वृक्षप्रेमाला पालवी फुटते. मे महिन्यात अंगाची काहिली झालेली असते, ‘पूर्वी इतकं उकडत नव्हतं हो’ यावर सर्वपक्षीय एकमत असतं, हवामानबदलाचे फॉरवर्ड सगळ्यांचे वाचून झालेले असतात. शिवाय १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी सुरू केलेला वनमहोत्सवही याच महिन्यातला. तेव्हा झाड लावायचं, हे नक्की. अट एकच: त्याने कचरा करायचा नाही.

मग एकेका देशी झाडाचा अर्ज फेटाळला जातो. जांभूळ? नको, गाडीच्या बॉनेटवर डाग पडतात. करंज? फुलांचा सडा रोज कोण झाडणार? उंबर? फळं सडतात, रात्री वटवाघळं येतात. सावर? कापूस उडून घरात येतो, खोडाला काटे, खाली पोरं खेळतात. चिंचेबद्दल कुणी उघड बोलत नाही, पण अवसेची आठवण होऊन तिचं नाव मागे पडतं. शेवटी उरतो तो उभा अशोक. कुंपणाच्या कडेला शिपायासारखा ताठ, सावली जेमतेम स्वतःच्या पायापुरती.

फेब्रुवारीत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फुललेल्या सावरीखाली उभं राहून बघावं. पान एक नाही, नुसती लालभडक, जाड पाकळ्यांची फुलं. वर मैना, बुलबुल, कोतवाल आणि कावळे यांची मधावरून जुंपलेली. फूल गळतं तेही गुपचूप नाही, थप्पकन आवाज करून. उचललं तर बोटांना चिकट लागतं आणि आतून मुंग्या बाहेर येतात. कचराच म्हणायचं तर हा कचरा, पण त्यावर किती जणांचा फराळ झालेला असतो! उंबराचंही तसंच. उंबर फोडून केंबरं काढू नयेत म्हणतात खरं, पण ते इवले कीटक आत शिरले नाहीत तर उंबराला बीच धरणार नाही.

परदेशी झाडांशी माझं वैर नाही. गुलमोहर मादागास्करचा. विक्रोळीच्या हायवेवर ज्या गुलाबी बहरासाठी लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, ती झाडं मध्य अमेरिकेकडची. पर्जन्यवृक्षही तिकडचाच, आणि त्याच्याच छत्रीखाली दादर-माटुंग्याच्या कित्येक गल्ल्या भर दुपारी चालण्याजोग्या राहिल्या. पण कुंडीतल्या कढीपत्त्यावर एखाद दिवशी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी सापडते, चार दिवसांत ती हिरवीगार होते, डिवचली तर डोक्यामागून शिंगांसारखा लाल दुभंगलेला अवयव बाहेर काढते आणि पुढे तिचं काळंभोर फुलपाखरू होतं. हा जुना घरोबा आहे. गुलमोहरावर या अळीचं पोट भरत नाही.

एका झाडाने पृथ्वीचा ताप उतरत नाही, हे मलाही कळतं. कार्बन लाकडात साठतो तो सावकाश, वर्षानुवर्षं. पण पेव्हर ब्लॉक दिवसभर तापून रात्रीही धग सोडत राहतात, तिथे सावली पडली तर तळमजल्यावरच्या काकूंना त्याच उन्हाळ्यात फरक कळेल. आणि ज्या पानांना आपण कचरा म्हणतो, ती झाडाच्या बुंध्याशी राहिली तर ओल धरतात, माती होतात. आपण ती काळ्या पिशवीत कोंबून डम्पिंग ग्राउंडला पाठवतो. तिथे ढिगाखाली हवेवाचून कुजून त्यांचा मिथेन होतो, म्हणजे ज्या उकाड्यावर उपाय म्हणून झाड लावलं त्यालाच खतपाणी.

पिशव्यांचा हा मुद्दा मी मिटिंगमध्ये मांडला. सेक्रेटरीकाकांनी तो ‘नोंद घेतली’ या सदरात टाकला. त्या सदरातून आजवर काही परत आलेलं नाही.

ताम्हणाचं नाव मात्र मंजूर झालं. राज्यफूल आहे म्हटल्यावर विरोध मावळला, जांभळ्या तुऱ्यांचे फोटोही लगेच ग्रुपवर आले. हिवाळ्यात त्याची पानं तांबूस होऊन झाडून सगळी गळतात, हे मी आपण होऊन सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. आता खड्ड्यासाठी पेव्हर ब्लॉक उखडायचे आहेत. ते नेमके कुणाच्या पार्किंगमधले, यासाठी रविवारी पुन्हा मिटिंग आहे.