नाल्यापलीकडचं सागवान आणि भाड्याचा छोटा ट्रॅक्टर

आमचं शेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, धानाचं. नाल्यापलीकडच्या पडीक तुकड्यात वडिलांनी लावलेलं सागवान उभं होतं. ठेकेदार उभ्या झाडांचा एकठोक भाव सांगत होता, वरून त्याचा जेसीबी बांध्या (धानाची खाचरं) आणि धुरे (त्यांचे बांध) तुडवत येणार. म्हटलं, आपणच काढू.

आधी कागद. महाराष्ट्राच्या झाडतोडीच्या 1964 च्या कायद्याच्या यादीत सागवान आहे, म्हणून झाड आपल्या सातबाऱ्यातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. अर्ज, हद्दीची मोजणी, पाहणी, झाडांवर नंबर. तोडल्यावर लठ्ठ्यांवर वनखात्याचा हातोड्याचा शिक्का आणि मग वाहतूक परवाना. यात पावसाळा गेला, पण त्याचं दुःख नाही. धान निघून बांध्या वाळेपर्यंत तिथं ट्रॅक्टर जातच नाही.

तोडणीला कटर मशीन भाड्यानं आणली. सागाच्या लाकडात सिलिका, म्हणजे वाळूतलाच कठीण पदार्थ, असते, चेनची धार लवकर मरते. गोल कानस खिशातच ठेवावी लागते. भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला की थांबून धार लावायची.

खरं काम त्यानंतरचं. छत्तीस इंच गोलाईचा (म्हणजे घेराचा), दहा फूट लांब ओला लठ्ठा दोन क्विंटलच्या आसपास भरतो. तो जमिनीवरून सरळ ओढला तर पुढचं टोक मातीत घुसतं. कामावर आलेले मामा जुने, कूपात, म्हणजे वनखात्याच्या तोडणीच्या पट्ट्यात, काम केलेले. म्हणाले, "नाक उचल रे बाप्पा, नाहीतं लाकूड नांगर होते." मग ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला आडवा लोखंडी बार होता, त्याला साखळी अडकवून लठ्ठ्याचं टोक वीतभर उचललं. ट्रॅक्टर छोटाच, तरी पहिल्या गिअरमध्ये आरामात निघाला.

एक गोष्ट मात्र ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराला बजावून सांगितली. बार मागच्या आसाच्या खालीच ठेवायचा आणि साखळी टॉपलिंकच्या (हायड्रॉलिकच्या वरच्या मधल्या दांड्याच्या) खुंटीला कधीच लावायची नाही. ओढ मागच्या आसाच्या वर गेली आणि लठ्ठा बुंध्यात अडकला, की पुढची चाकं उठतात आणि ट्रॅक्टर मागं उलटतो. पाय क्लचवर जायलाही वेळ मिळत नाही.

नाल्याच्या उतारावर ट्रॅक्टर उतरवलाच नाही. काठावरच्या मजबूत बुंध्याला हाताची विंच बांधली, लठ्ठ्याला कप्पी लावली आणि तार कप्पीतून फिरवून परत बुंध्यालाच बांधली. वेग निम्मा होतो, ओढ दुप्पट. तार ताणलेली असताना तिच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. मधोमध ओलं पोतं टाकून ठेवलं होतं, तुटलीच तर झटका थोडा कमी बसावा म्हणून. माझं मत असं, की पैसे वाचवायचे तर भाड्याच्या मशीनवर वाचवावेत. साखळी, तार, कप्पी चांगलीच घ्यावी. मी जे काही विकत घेतलं ते एवढंच.

ट्रॉलीत चढवायला क्रेन लागली नाही. दोन बल्ल्या (लाकडी वासे) तिरप्या टेकवल्या, दोन दोर ट्रॉलीला बांधून लठ्ठ्याखालून घेतले आणि वरून पलीकडं ओढले. लठ्ठा गडगडत वर जातो, जोर निम्माच लागतो. मागं सब्बल (पहार) आणि लाकडाची पाचर घेऊन एक माणूस हवा, पण बाजूला उभा. लठ्ठ्याच्या खालच्या बाजूला कधीच नाही.

व्यापाऱ्यानं चौथाई गोलाईनं मोजलं. छत्तीसचा चौथा भाग नऊ, नऊ गुणिले नऊ गुणिले दहा भागिले 144, म्हणजे साडेपाच घनफुटांच्या थोडं वर. प्रत्यक्ष गोल लाकूड सात घनफुटांच्या वर असतं. पद्धत बहुतेक ठिकाणी हीच आहे, साल आणि फळ्या कापताना वाया जाणारी छाटण धरून. तिच्याशी भांडून उपयोग नाही. मी दर बोलताना तेवढं धरून बोललो, आणि त्यानं "भाऊ, हिशोब करूनच आले दिसता" म्हणत दर थोडा चढवला. फांद्या घरी जळतनाला ठेवल्या.