वाचनालयाचा अहवाल ब्राउझरमधून छापताना

आमच्या वाचनालयाचा वार्षिक अहवाल आता आधी वेबपानावर तयार होतो. पण सर्वसाधारण सभेला ज्येष्ठ सभासदांच्या हातात छापील प्रतच लागते, आणि ती ब्राउझरमधून थेट प्रिंट देऊन काढायची असं कार्यकारिणीत ठरलं. ते काम माझ्याकडे आलं.

सुरुवातीला प्रिंट दिली की एकच पान बाहेर यायचं. साइटच्या मुख्य चौकटीची उंची पडद्याएवढी बांधलेली होती आणि मजकूर आत स्क्रोल होत होता. कागदावर स्क्रोल कुठून येणार? उरलेला मजकूर कापला जायचा. 'मीडिया प्रिंट'च्या, म्हणजे फक्त छपाईला लागू होणाऱ्या, नियमांत उंची ऑटो (मजकुराएवढी), ओव्हरफ्लो व्हिजिबल (चौकटीबाहेरचा मजकूरही दिसेल असा) आणि फ्लेक्स मांडणीऐवजी साधा ब्लॉक केला, तेव्हा सगळी पानं आली. मेनू आणि शोधपट्टी तिथंच लपवली.

मग खरं काम सुरू झालं. जुन्या स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानाच्या मांडणीच्या नियमांच्या फाइलमध्ये, जागोजागी 'पेज-ब्रेक-आफ्टर: ऑलवेज' (यानंतर नेहमी नवं पान) लिहिलेलं होतं. ए४ कागदावर ते बेतलेलं होतं, पण वाचनालयाच्या प्रिंटरमध्ये बहुतेक वेळा लीगल कागद असतो. ए४ची लांबी २९७ मिलिमीटर, लीगलची सुमारे ३५६. त्यामुळे प्रत्येक पानाच्या तळाशी कोरी जागा राहायची. दुसऱ्या संगणकावर देवनागरीचा वेगळा फॉन्ट आला की ओळी वाढायच्या आणि दोन ओळींसाठी अख्खं पान खर्ची पडायचं. पान कुठं तोडायचं हे स्टाइलशीटनं ठरवू नये, असं माझं ठाम मत तिथं झालं. काय कशापासून तुटू नये, एवढंच तिनं सांगावं. कागद किती लांब आहे, ओळी किती झाल्या, हा हिशेब ब्राउझरचा. सक्तीनं नवं पान मी फक्त ताळेबंदाला ठेवलं, कारण तो सुटा काढून फाइलला लावावा लागतो.

मथळ्यांना 'ब्रेक-आफ्टर: अव्हॉइड' (यानंतर पान तोडणं टाळ) दिलं, मथळा तळाशी आणि मजकूर पुढच्या पानावर, हे थांबलं. छायाचित्र आणि त्याखालची ओळ एकत्र राहावी म्हणून त्या जोडीला 'ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड' (मध्येच तोडणं टाळ), शिवाय चित्राच्या उंचीला मर्यादा. ती मर्यादा हवीच, कारण पानापेक्षा उंच वस्तू अखंड ठेवणं ब्राउझरला शक्यच नसतं आणि मग ती तुटतेच.

सर्वांत जास्त वेळ नव्या पुस्तकांच्या यादीनं घेतला. कित्येक पानांचा तक्ता तो. अख्ख्या तक्त्याला अव्हॉइड देणं निरर्थक, म्हणून ते फक्त ओळींना दिलं: लेखकाचं नाव एका पानावर आणि दाखलअंक दुसऱ्यावर, असं व्हायला नको. रकान्यांची नावं 'टीहेड'मध्ये, म्हणजे तक्त्याच्या शीर्षभागात, नीट बसवली, की ब्राउझर ती प्रत्येक पानावर पुन्हा छापतो. यादी चाळणाऱ्याला मागचं पान उलटून बघावं लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

परिच्छेद तुटला तर पानाच्या तळाशी किमान किती ओळी राहाव्यात ते 'ऑर्फन्स' सांगतं, पुढच्या पानाच्या माथ्याशी किमान किती ते 'विडोज'; दोन्ही ३ केले. मूळ किंमत २ असते. ३ केल्यावर पाच ओळींचा परिच्छेद तुटू शकत नाही, तो अख्खा पुढं सरकतो; आमच्या छोट्या परिच्छेदांना ते चालून गेलं. फायरफॉक्स मात्र हे दोन नियम मानत नाही, म्हणून अंतिम प्रत क्रोममधून काढतो.

पान तोडण्याच्या या सूचना १९९८च्या सीएसएस २पासून आहेत; सीएसएस म्हणजे स्टाइलशीट लिहायची भाषा. पुढं 'पेज-ब्रेक'ची जागा नुसत्या 'ब्रेक'नं घेतली, कारण तेच नियम स्तंभांनाही लागू करायचे होते; जुनी नावं अजून चालतात. ब्राउझर मात्र फार सावकाश पुढं सरकले. क्रोममध्ये छपाईच्या वेळी अव्हॉइडची पुरी दखल २०२२च्या १०८व्या आवृत्तीपासून घेतली जाऊ लागली, आणि समासात पृष्ठक्रमांक टाकायची सोय २०२४च्या १३१व्या आवृत्तीत आली. छापील पान वाचणाऱ्यांना इतकी वर्षं थांबवायला नको होतं.

तळटीपा अजून राहिल्या आहेत. त्या त्याच पानाच्या तळाशी बसवणं ब्राउझरना जमत नाही; प्रिन्स किंवा वीझीप्रिंटसारखी वेबपानाची पीडीएफ बनवणारी साधनं ते करतात. यंदा टीपा प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी घातल्या आहेत. पुढच्या अहवालाची पीडीएफ वीझीप्रिंटमधून काढून बघणार आहे.