अंगणवाडीची परसबाग : नोव्हेंबरची नोंद

ऑगस्टच्या नोंदीत लिहिलं होतं, गंगाफळाचा (लाल भोपळ्याचा) वेल फुलांनी भरलाय, पण फळ धरत नाही. ते कोडं सुटलं.

सुरुवातीला नुसती नरफुलं येतात, हे ठाऊक होतं. पण मादीफुलं आली तरी मागची गाठ पिवळी पडून गळायची. झडीत मधमाश्या फिरकत नव्हत्या. हातानं परागीकरण करावं, तर गंगाफळाचं फूल पहाटे उमलतं आणि आमची अंगणवाडी भरेस्तोवर मिटायला लागतं. मग सेविका ताईंनी शेजारच्याच घरांतल्या तीन पोरांना सकाळी सातला बोलावलं. नरफूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या, मधली पिवळी दांडी मादीफुलात हलकेच फिरवायची. मी एकदाच दाखवलं. नर-मादी हे शब्द पोरांनी घेतलेच नाहीत. त्यांच्या लेखी एक ‘दांडीवालं’ अन् एक ‘बायवालं’ (आमच्याकडे बाळाचं ‘बाय’ होतं). पाचव्या दिवशी गाठ फुगली तशी चार वर्षांची पोरगी मला ओढतच घेऊन गेली, “आजी, हे पाय, बाय मोठं झालं!” तेव्हापासून हजेरीआधी बाळाला बघून यायचा रिवाजच पडला.

मेथीचं थोडक्यात सांगते. पहिला वाफा बोकडानं फस्त केला. पोरांच्या अंगणात बाभळीचे काटे नकोत, म्हणून पऱ्हाट्यांचं (कपाशीच्या वाळक्या काड्यांचं) कुंपण केलं. दुसरी मेथी चौथ्या दिवशी उगवली, महिन्याच्या आत खिचडीत पडली. लहानांसाठी सुरुवात मेथीनंच करावी, फार वाट पाहावी लागत नाही.

वांग्याची आठ रोपं जळगाव जिल्ह्यातल्या बामणोदकडच्या भरिताच्या वाणाची. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण पोरांनी ते ताटातच पाहिलेलं, झाडावर नाही. शेंडा आतून पोखरणारी शेंडेअळी आलीच. पोरं तोंडात काहीही घालतात, त्यामुळे फवारणी नाही म्हणजे नाही. ‘मान टाकलेला शेंडा’ शोधायचं काम पोरांना दिलं. त्यांची नजर बरोबर त्याच उंचीवर असते! त्यांनी दाखवायचा, मी अळीसकट कापून लांब पुरायचा. तीनच फळं किडकी निघाली.

परवा पहिली पाच वांगी पऱ्हाट्यांवर भाजली. गार झाल्यावर सालं पोरांनीच काढली. त्यांच्या वाट्याचं बिनमिरचीचं, कांद्याची पात अन् शेंगदाणे ठेचून घातलेलं, सोबत मदतनीस मावशींनी केलेली कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. एक पोरगी घास हातात धरून बसून राहिली. हे तिच्या झाडाचं वांगं आहे का, एवढंच तिला हवं होतं. हो म्हटल्यावर खाल्लं.

वेलावर आता चार गंगाफळं आहेत. देठ वाळल्याशिवाय तोडणार नाही. एकाचं बी धुऊन, सावलीत वाळवून प्रत्येकाच्या घरी दोन-दोन देईन.

आता उन्हाळ्याचं विचारायचं आहे. आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, सावलीला एकच कडुलिंब आहे. त्याखाली चवळी अन् पोकळा कुणी केलाय का? पाणी किती द्यावं लागलं, तेही कळवा.