तिरफळाचा वास

डबा उघडण्याआधीच काकांना उमळी आली. मावशी ओशाळल्या. "नुसता ताकभात आहे मॅडम, फोडणीसुद्धा नाही दिली. घास राहू दे, डबा बघूनच यांना ढवळतंय."

काका संगमेश्वरकडचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. फुप्फुसाचा कॅन्सर, दर २१ दिवसांनी सिस्प्लॅटिन, म्हणजे केमोचं औषध, सलाईनमधून. त्या दिवशी तिसरी सायकल, म्हणजे तिसरी फेरी होती. सुरुवातीला ६३ किलो वजन होतं, आता काटा ५६ वर. आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे पाठवताना डॉक्टरांनी कागदावर एकच ओळ लिहिली होती : काहीही खात नाहीत.

मी डबा हातात घेतला. स्टीलचा, क्लिपवाला. भाताला कसलाच वास नव्हता. झाकण नाकाशी नेलं, तर रबरी रिंगेतून तिरफळाचा झणका आला.

"यात आधी काय होतं?"

"बांगड्याचं तिखलं. पहिल्या केमोला आणलं होतं. तुम्हीच म्हणालात ना, आवडीचं काहीही द्या, पोटात गेलं म्हणजे झालं."

म्हणाले होते. दिवसातून दहा जणांना म्हणायचे.

काकांनी त्या दिवशी तिखलं चवीने खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस ओकत राहिले. सिस्प्लॅटिनचं तसंच आहे, पहिला दिवस बरा जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा उसळतं. पण शरीराला सलाईनमधलं औषध कळत नाही, ते जिभेवर आलेल्या चवीला गुन्हेगार ठरवतं. १९७८ साली सिएटलच्या इलीन बर्नस्टीन यांनी हे केमो घेणाऱ्या मुलांमध्ये दाखवलं होतं. औषधाआधी एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं, नंतर मुलं त्या आइस्क्रीमला नको म्हणू लागली. कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ केलं होतं मी हे. वॉर्डात आल्यावर विसरले.

"काका, घरी दिलेल्या मळमळीच्या गोळ्या?"

त्यांनी खिशातून पाकीट काढलं. दोनच गोळ्या संपल्या होत्या. "उलटी झाली की घेतो. उगाच कशाला?"

"आंबा घाट उतरताना ब्रेक कधी तपासायचा? गाडी सुटल्यावर?"

त्या दिवशी पहिल्यांदा हसले ते.

डबा बदलायला सांगितला. रिंगेचा वास कितीही घासला तरी जात नाही. जेवण गार द्यायचं, कारण वाफेबरोबर वास वर चढतो. स्वयंपाक चालू असताना काकांनी गॅलरीत बसायचं. इथे ते भाच्याकडे राहत होते. खोली एवढीशी, पण गॅलरी होती, नशीब. ताट वाढायचंच नाही, दर दोन तासांनी एक वाटी : ताकभात, सातूचं पीठ, उकडलेलं अंडं गार करून. मावशींना वाटीचं पटेना. "एवढंसं चिमणीला घालतात." भरलेलं ताट बघूनच त्यांची भूक मरते, हे मला तीनदा सांगावं लागलं.

आणि केमोच्या दिवशी आवडीचं काही नाही. उलट एखादी झणझणीत चवीची, आयुष्यात पुन्हा नाही खाल्ली तरी चालेल अशी गोळी चघळायची. बर्नस्टीन यांनी पुढे हेही करून पाहिलं होतं : नावड त्या गोळीला चिकटते, जेवण बऱ्यापैकी सुटतं. थोडक्यात बळीचा बकरा. खालच्या टपरीवरून मी काळा खट्टाच्या गोळ्या आणल्या. सकाळी ताकभात, मग गोळी, मग सलाईन.

२१ दिवसांनी काका आले. वजन ५६.४. डॉक्टरांनी मळमळीचं औषधही वाढवलं होतं, तेव्हा श्रेय कुणाचं ते मी सांगू शकत नाही. ताकभात रोज जात होता.

"तिखलं करू का आता?" मावशींनी दबक्या आवाजात विचारलं.

"सगळ्या सायकली होऊ देत."

काकांनी पिशवीतून गोळ्यांचं उरलेलं पाकीट काढून माझ्या टेबलावर दूर सरकवलं. "हे तेवढं परत घ्या मॅडम. रंग बघूनच कसंतरी होतं."

मी दुसऱ्या चवीच्या गोळ्या आणायला खाली गेले.