अनारसे हसतात तेव्हा

‘काकू, तुमचे अनारसे हसत कसे नाहीत?’ अधिक महिना जवळ आला की हा प्रश्न येतोच. कधी जिन्यात, कधी भाजीच्या पिशव्या हातात असताना, कधी फोनवर. विचारणारीला हवं असतं प्रमाण. ते मी सांगते, त्यात गुपित काही नाही: तांदळाचं पीठ जितकं वजनाला, तितकाच गूळ. पण तेवढ्यावर अनारसे होत असते तर माझे २०१५ सालीच झाले असते. तुम्ही विचारलंत म्हणून आता सगळंच सांगते.

२०१५चा अधिक आषाढ म्हणजे लेकीच्या लग्नानंतरचा पहिला अधिक. जावयाला वाण द्यायचं, तेहेतीस अनारसे आणि ताटात दिवा. वाणाला जाळीदार पदार्थ लागतो. बत्तासे चालतात, ते आणले असते तर सुटले असते. पण हौस! दिवाळीत आमच्याकडे चकली-चिवड्यातच दमछाक व्हायची, अनारसे विकतचे यायचे. सासूबाई होत्या तोवर अधिकातले अनारसे त्याच करायच्या, मी नुसती खसखस निवडून द्यायची. त्यामुळे कृती पाठ होती, पण हात कधी लागला नव्हता.

तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं. चौथ्या दिवशी उपसून घरातच पंचावर पसरले, ओलसर असतानाच दळून चाळले, गूळ मिसळून गोळा डब्यात ठेवला. सहाव्या दिवशी तूप तापवलं, खसखशीवर थापलेला पहिला अनारसा सोडला आणि तो हसला. ज्यांच्या घरी करत नाहीत त्यांच्यासाठी सांगते: हसला म्हणजे फसकन पसरून तुपात विरघळला. दुसरा हसला, तिसरा हसला. सातव्याला मला रडू आलं. शेवटी बत्तासेच आणले.

पाच मिनिटांत माझा निकाल तयार होता: गूळ जास्त झाला. कढई घासून ठेवली आणि विषय संपला.

पुढचा अधिक आला २०१८च्या मे महिन्यात. अनारशांची हीच तर गंमत आहे. पोळी करपली तर दुसरी पाच मिनिटांत करता येते. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, ती तूट भरायला अधिक महिना येतो बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी. म्हणजे इथे चूक सुधारायची संधी मिळेपर्यंत पावणेतीन वर्षं जातात, आणि तेवढ्यात चूक कुठली हे विसरून ‘गूळ जास्त’ एवढंच डोक्यात पक्कं बसतं. मी किलोला पाऊण किलो गूळ घातला. या खेपेला अनारसे हसले नाहीत. ते काहीच करेनात. जाळी नाही, फुलणं नाही, नुसत्या चकत्या. जावईबापू बिचारे चहात बुडवून खात होते. नणंद म्हणाली, ‘धोंड्याच्या महिन्यात वहिनींनी खरोखरच धोंडे वाढले!’ त्या रात्री मी हिशेबाच्या वहीत लिहिलं, ‘अनारसे कडक. गूळ.’

आता मला लाज कशाची वाटते, तर मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरला. संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय घरी जायचं नाही. आमच्या हेडकॅशिअरनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: फरक आला की आधी नवाने भाग जातो का बघ. गेला, तर बहुतेक कुठेतरी आकडे उलटेसुलटे लिहिलेत. ५४०चे ४५० झाले की फरक ९०, ८१चे १८ झाले की फरक ६३. नाही गेला, तर फरकाचं निम्मं कर आणि त्या रकमेची नोंद शोध. जमेची रक्कम नावे पडली की फरक दुप्पट येतो. तेवढ्यावर निम्म्या वेळा चूक सापडायची. आणि ती त्याच संध्याकाळी शोधायची. दुसऱ्या दिवशी व्हाउचरं तीच असतात, पण आपण ती लिहिताना कोण समोर उभं होतं, मध्येच कोणी हाक मारली होती का, हे सगळं रात्रीत पुसलं जातं. शिवाय रात्रभरात एक सोयीचं कारणही तयार झालेलं असतं. ‘काल गर्दी फार होती.’

ऑफिसात फरकाकडे बघून चूक ओळखणारी मी, घरी हसलेल्या अनारशाकडे दोन मिनिटं बघितलंसुद्धा नव्हतं. तो हसला कसा? सोडल्या सोडल्या, की तळाला जाऊन हळूहळू पसरत? तूप गार होतं की पीठ सैल? पीठ सैल असेल, तर ते गुळाने की पाण्याने? यातलं काहीही न बघता मी कढई घासून मोकळी झाले होते.

२०२०चा अधिक आश्विन टाळेबंदीच्या वर्षातला. लेक-जावई येणार नव्हते, वाण फोनवरच द्यायचं ठरलं. घरात आम्ही दोघं. फजिती बघायला कोणी नाही, हे फार मोठं सुख असतं. तेव्हा पाऊण किलो तांदूळ भिजवून त्याचे तीन भाग केले. एक पंख्याखाली पाऊण तास सुकवला, दुसरा दीड तास, तिसरा तीन तास. पिठाला तिन्हीकडे सारखाच बरोबरीचा गूळ, डबेही सारखे. ह्यांनी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि ‘प्रयोगशाळा’ म्हणून चेष्टाही केली.

पहिल्या डब्यातले हसले. तिसऱ्यातले कडक झाले. मधल्याला जाळी पडली.

मी ओट्याशी उभी राहून गरम अनारसा खाल्ला आणि तोंड भाजून घेतलं. पाच वर्षं गूळ बिचारा उगाच बोलणी खात होता. आषाढात हवा दमट, तांदूळ ओलाच राहिला होता. मेच्या उन्हाळ्यात तो कडकडीत वाळला होता आणि वर मी गूळही कमी केला होता. त्या संध्याकाळी वहीत पहिल्यांदा कारण न लिहिता नुसतं केलं ते लिहिलं. किती वाजता पसरले, खिडकी उघडी की बंद, तूप किती तापलेलं. ‘का’ची जागा मोकळी सोडली.

इथे गोष्ट संपली असती तर मी शहाणी ठरले असते. २०२३ला अधिक श्रावण, बाहेर धो धो पाऊस. वहीत लिहिलेलं ‘दीड तास’. दीड तासाने हात लावला तर तांदूळ अजून ओलेगार! पाच तास लागले. म्हणजे मी आठवणीने लिहिलं ते घड्याळ, आणि कामाची होती ती ओल. शेजारच्या आजींनी तेव्हा सांगितलं: मूठभर तांदूळ आवळायचा, मूठ वळली पाहिजे आणि हात कोरडा राहिला पाहिजे. हे आधी विचारलं असतं तर? पण आधी कोणी मला सांगितलंही असतं, तर मी ‘गुळाचं प्रमाण सांगा’ म्हटलं असतं.

त्या वर्षी तेहेतीस जमले. मूठभर पीठ गूळ घालण्याआधीच बाजूला काढून ठेवलं होतं. पहिला एकच तळून बघितला, जरा पसरला, तेव्हा त्यातलं थोडं पीठ गोळ्यात मळलं.

म्हणून मला कोणी चुकांतून शिकणारी बाई म्हणू नका. दूध उतू जाण्याचं कारण मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे, आणि गेल्या मंगळवारीही ते उतू गेलं. मी समोर उभी होते! तिथे शिकण्याचा नाद सोडून शिट्टीवालं दुधाचं कुकर आणलंय.

आता १७ मेपासून पुन्हा अधिक ज्येष्ठ. २०१८चाही ज्येष्ठच होता, तेच ऊन, तीच कोरडी हवा. नेमकं तेच पान उपयोगाचं म्हणून परवा वही काढली. चार तास की अर्धा तास, पंखा होता की नव्हता, काही नाही. माझ्याच अक्षरात तीन शब्द: ‘अनारसे कडक. गूळ.’

तांदूळ आणून ठेवलेत. या खेपेला पंचाशेजारी स्टूल घेऊन बसणार आहे.